सल्ला हवा: वडिलांना घेऊन वर्षभर राहायला महाराष्ट्रातलं कुठलं गाव? (मुंबई-पुणे नको)

माळव्यातला_मी
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. पणजोबा होळकरांच्या नोकरीत होते तेव्हापासून घर इंदूरलाच, घरात मराठीच बोलतो, पण महाराष्ट्रात राहिलेलं आमच्यापैकी कोणीच नाही, लग्नाकार्याला पुण्या-नाशकाला जाऊन आलो तेवढंच. वडील 74 चे, शाळेत इतिहास शिकवायचे. मागच्या वर्षी आई गेली आणि त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट धरलीये, की एकदा अशा गावात राहायचंय जिथे दूधवाला, रिक्षावाला, भाजीवाली सगळे मराठीत बोलतील. माझं काम घरून चालतं, इंटरनेट असलं की झालं. तर वर्षभरासाठी गाव शोधतोय. भाडं 12 हजार, त्याच्यावर खरंच जमणार नाही कारण इंदूरचं घरही चालू ठेवायचंय. बाबांची अँजिओप्लास्टी झालीये, त्यामुळे हृदयाचा डॉक्टर गावातच हवा. तळमजला किंवा लिफ्ट, सकाळी चालायला सपाट रस्ता, आणि बहीण इंदूरला असते तर एका दिवसात पोचता आलं पाहिजे. तुम्हाला आवडलेलं, स्वतः राहिलेलं गाव सांगा.

रंकाळ्याकाठी
कोल्हापूर. विषय संपला. मी नोकरीत सहा गावं फिरलो, परत इथंच आलो. संध्याकाळी वडलांना घेऊन गंगावेशीत जावा, म्हैस समोर बांधलेली असती, गवळी तुमच्या डोळ्यादेखत धार काढणार आणि ग्लास हातात देणार, वर दोन बोटं फेस, ग्लास हाताला कोमट लागतो. असलं दूध पिशवीवाल्यांनी बघितलंबी नसंल. इतिहासाचे मास्तर म्हणताय तर शाहू महाराजांचं गाव आहे हे, खासबागेचं मैदान, साठमारी, राधानगरीचं धरण, दाखवायला महिना पुरायचा नाही. माणूस तोंडावर बोलतोय पण मनात ठेवत नाही. भाडं 15-16 धरा, दोन-तीन हजारानं काय होतंय, वडलांच्यापेक्षा जास्त आहे का ते.

कृष्णाकाठची_सांगलीकर
कोल्हापूर छानच पण सांगलीचं नाव कोणीच काढत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मराठी नाटक इथे जन्मलं, विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सीतास्वयंवर केलं ते सांगलीत. शेजारी मिरज, तिथे सतारी-तंबोरे करणारी घरं पिढ्यानपिढ्या आहेत, आणि दवाखाने म्हणाल तर अख्ख्या दक्षिण महाराष्ट्राचा आणि कर्नाटकातल्याही कितीतरी गावांचा पेशंट मिरजेला येतो, तेव्हा हार्टची काळजी मिटली. फक्त एक ऐका, सांगली काय कोल्हापूर काय, घर बघताना मालकाला पहिला प्रश्न विचारायचा, 2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? आमच्याकडे पंख्याच्या खाली हातभर होतं. भिंतीला दोनदा रंग दिला तरी ती मातकट रेघ पावसाळ्यात परत वर येते. तुम्हाला तळमजला हवाय म्हणून मुद्दाम सांगतेय.

रंकाळ्याकाठी
ताई पूर सगळीकडं येतोय, कोल्हापुरात सगळ्या पेठांत नाही येत. आणि पुरात कोल्हापूर कसं माणसाच्या पाठीशी उभं राहतंय ते बघितलंय सगळ्यांनी.

कृष्णाकाठची_सांगलीकर
दादा मी कोल्हापूरला नावं ठेवत नाहीये हो. 2005, 2019, 2021, तीनदा घर उपसलंय आम्ही. नवीन माणसाला हे आधीच कळायला हवं एवढंच म्हणतेय.

गोदाकाठ
इंदूरवाल्यांना कोल्हापूर-सांगली काय सांगताय, नकाशा बघा जरा. इंदूरहून आग्रा रोड धरला की सरळ नाशिक, चारशेच्या आसपास किलोमीटर. सकाळी निघा, रस्त्यात धुळं लागेल तिथे शेवभाजी खा आणि पुढे व्हा, चहाला नाशकात. हवा म्हणाल तर महाराष्ट्रात अशी दुसरी नाही, हॉस्पिटलं भरपूर, सकाळी गंगापूर रोडला चालायला निघा, म्हातारी माणसंच माणसं दिसतील. मी 2011 ला तिथे फ्लॅट घेतला, तेव्हा सगळे म्हणत होते एवढे पैसे घालू नको, आज तीच माणसं विचारतात शेजारी काही आहे का. माझं मत विचाराल तर भाड्याने राहूच नका, बुक करून टाका. आणि मिसळ, ती खाल्ल्याशिवाय कोणी कोल्हापूरचं नाव घेऊ नये.

रंकाळ्याकाठी
पापड घातला म्हणून मिसळ होत नाही.

गोदाकाठ
आणि नुसतं तिखट जाळ केलं म्हणून पण होत नाही.

पंचवटीतला_भाडेकरू
मी पण नाशकातच आहे पण भाड्याने, म्हणून वेगळं सांगतो. 2027 ला सिंहस्थ आहे, त्याची कामं सुरू आहेत, जुन्या भागात रस्ते कधी उकरलेले मिळतील सांगता येत नाही. मला या वर्षी मालकाने भाडं वाढवून मागितलं आणि वर म्हणाला सिंहस्थाच्या वेळी दोन महिने घर रिकामं करून द्याल का, यात्रेकरूंना देतो. मी लेखी करार दाखवला म्हणून गप्प बसला. 12 हजारात लिफ्टवालं घर नाशकात मिळेल पण सिडको-सातपूरकडे, गंगापूर रोडला नाही. करार अकरा महिन्यांचा होतो, त्यात मध्येच घर मागायचं नाही हे लिहून घ्या. कुठल्याही गावात गेलात तरी.

तर्रीवाला_नागपूर
इथे सगळे पुणे ते कोल्हापूर आणि फार तर नाशिक याच्या बाहेर जातच नाही आहेत. विदर्भ महाराष्ट्रात आहे की नाही भाऊ? इंदूरहून नागपूरला वंदे भारत आहे, 2023 पासून, आठ-साडेआठ तासांत घरी. हार्टसाठी तर मध्य प्रदेश, छत्तीसगडचे पेशंट नागपूरला येऊन राहिले. एम्स आहे, मेट्रो आहे, रस्ते रुंद आणि सपाट. 12 हजारात आमच्याकडे चांगला दोन बेडरूमचा मिळते. तुम्ही इंदूरचे म्हणजे पोह्यातले जाणकार, पण एकदा चना पोह्यावर तर्री टाकून खा, मग बोलू.

माळव्यातला_मी
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतक्या लवकर इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. नागपूरचं गाडीचं आणि डॉक्टरांचं एकदम पटलं. पण तिथे बाजारात, रिक्षात मराठी ऐकू येते का? कारण बाबांचा सगळा जीव त्याच्यात आहे. मी एकदा तीन दिवस कामासाठी आलो होतो तेव्हा जास्त हिंदीच कानावर पडली.

तर्रीवाला_नागपूर
मराठीत बोललं तर समोरचा मराठीत बोलते भाऊ. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी तेव्हापासून मुरलेली आहे, त्याला कोण काय करणार. पण घरात, शेजारी, देवळात मराठीच. आमच्या बोलण्याला पुण्यातले लोक नाव ठेवतात आणि मग तेच लोक म्हणतात नागपुरात मराठी नाही. दोन्हीकडून आम्हीच मार खायचा का?

अमरावतीची_लेक
याच्याशी शंभर टक्के सहमत. मराठी ऐकायची तर अमरावतीला या, वऱ्हाडी ऐकाल. अंबादेवी, सकाळी गिलावडा, आणि उन्हाळा सहन होईना की चिखलदरा. आमच्या गावाची माणसं पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत हे लग्न होऊन ठाण्याला आल्यावर कळलं मला, इथे लोक दारातच विचारतात काय काम आहे.

सातारी_फौजी
सातारा. मी फौजेतून रिटायर होऊन आलो, सगळा देश बघितला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला गाव, समोर यवतेश्वर, तासाभरात कास. 2012 ला पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात कास आहे. गणपतीच्या सुमाराला फुलं बघायला या, वडील तरुण होतील. कंदी पेढा रोज सकाळी एक. हवा पाणी एक नंबर, पेन्शनरांचं गाव म्हणतात ते उगाच नाही.

अंबाजोगाईकर
फौजी साहेब, पण साताऱ्यात चढ-उतार किती आहेत. वडिलांना सपाट रस्ता हवा असं त्यांनी लिहिलंय.

सातारी_फौजी
चढ चढला तर हृदय चांगलं राहतं. मी 68 चा आहे, रोज चार भिंतीपर्यंत जातो.

वाईची_नात
साताऱ्यापेक्षा वाई बघा. कृष्णा नदी, घाटावर ढोल्या गणपती, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथल्या घाटावर पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, वसईच्या मोहिमेतली. इतिहासाच्या सरांना याच्याहून काय हवं. मराठी विश्वकोशाचं ऑफिस वाईत आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते काम तिथे उभं केलं, माझे आजोबा सांगायचे की भाजी आणायला गेलं तरी मंडईत कोणीतरी नोंदीच्या शब्दावरून वाद घालताना सापडायचं. शनिवार-रविवार मात्र पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांनी गाव कोंडून जातं, पसरणीचा घाट दिसतच नाही नुसत्या गाड्या दिसतात. आणि हृदयाच्या मोठ्या कामाला साताऱ्याला किंवा पुण्यालाच जावं लागतं, हे खरं सांगते.

वाडीतली_गजाल
येवा कोकण आपलोच आसा! सावंतवाडी बघा एकदा. गावाच्या मधोमध मोती तलाव, त्याच्या कडेने चालायला सपाट रस्ता, समोर राजवाडा, तिथे अजून हाताने गंजिफा रंगवतात. चितार आळीत लाकडी आंबा, फणस, केळं अशी खेळणी मांडलेली असतात, लांबून बघितलं तर बाजारात खरीच फळं आलीत असं वाटतं. मालवणी बोलणं ऐकून तुमच्या वडिलांचा दिवस जाईल. 12 हजारात तर अंगणासकट घर.

माळव्यातला_मी
वाचूनच निघावंसं वाटलं. पण हृदयाचं काही झालं तर?

वाडीतली_गजाल
तेच आमचं दुखणं आहे. सिरीयस पेशंट म्हटला की गाडी काढायची आणि गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला न्यायचं. माझ्या काकांना मध्यरात्री नेलं, धो धो पाऊस, पत्रादेवीच्या पुढे गेलो तोपर्यंत कोणी गाडीत बोललं नव्हतं. काका वाचले. पण तुम्हाला या म्हणून सांगताना मला हे लपवून ठेवता येणार नाही. वडील नसते तर तुम्हाला इथेच ओढून आणलं असतं.

सोलापुरी_चादर
सोलापूरला कोणी विचारतच नाही. एका रिक्षात बसलात की मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही ऐकाल. शेंगाचटणी, कडक भाकरी, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, काठ्यांची मिरवणूक बघून डोळ्यात पाणी येतं. दवाखाने स्वस्त आणि चांगले. ऊन आहे, आणि पाणी आमच्या भागात चार-पाच दिवसांनी येतं, तर टाकी मोठी असलेलं घर बघायचं. पण सवय होते.

गोदाकाठ
पाण्याची सवय कशी होईल? नाशकात रोज येतं.

सोलापुरी_चादर
तुमच्याकडून सोडलेलं पाणी जायकवाडी धरणाला किती येतं त्यावर मराठवाडा बोलेल, मी बोलत नाही.

अंबाजोगाईकर
तो विषय काढू नका, धागा संपेपर्यंत संपणार नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते दिवस आम्ही काढलेत, नातेवाईक लातुरात, आम्ही इथून कळश्या भरून न्यायचो.

माळव्यातले दादा, मी अंबाजोगाईचा, माझं गाव मला जिवापाड आवडतं, योगेश्वरी आहे, मुकुंदराजांची समाधी आहे, सरकारी मेडिकल कॉलेज गावातच आहे. पण इथे या म्हणणार नाही कारण रेल्वे नाही आणि इंदूर एका दिवसात होणं अवघड. त्याऐवजी मी आईला घेऊन दोन वेळा गावं बदलली त्यातून शिकलेलं सांगतो. आधी घर बघू नका, आधी आठ दिवस लॉजवर नाहीतर कोणाकडे राहा. त्यात एकदा डॉक्टरकडे साधी तपासणी करून या म्हणजे रांग किती, बोलतो कसा, रात्री कोण असतं ते कळेल. पाणी किती दिवसांनी येतं ते मालकाला विचारू नका, किराणावाल्याला विचारा. दुपारी तीनला घरात उभं राहून बघा. आणि एसटीत महाराष्ट्रातल्या माणसाला 75 लागले की तिकीट नाही, 65 च्या पुढे अर्धं, वडिलांना लागू होतं का ते विचारून घ्या, आधार कार्ड जवळ ठेवा. माझी आई त्या एका कार्डावर अख्खा मराठवाडा हिंडली.

माळव्यातला_मी
हे फार कामाचं आहे, लिहून घेतलं. किराणावाल्याचं तर मला कधी सुचलंच नसतं. एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये राहिली. बाबांना मोडी लिपी येते. आजोबांनी शिकवली, आमच्याकडे घरातले जुने कागद होते ते त्यांनी सगळे लावून ठेवलेत. आता वाचायला नवीन काही उरलं नाही म्हणतात. तर ग्रंथालय किंवा असं काही असलेलं गाव असेल तर तेही सांगा.

कोथरूडचा_जुना
अहो मग पुणेच! हे आधी सांगायला हवं होतं. पेशवे दफ्तर इथे, भारत इतिहास संशोधक मंडळ इथे, 1910 पासूनचं. मोडी येणारा माणूस मिळाला तर लोक डोक्यावर घेतील. मुंबई-पुणे नको हे ठीक आहे पण हा अपवाद करा. भाडं आमच्याकडे 25 च्या खाली नाही, पण जरा लांब गेलात, धायरी, नऱ्हे, तर 16-17 मध्ये बसेल, तिथून बसने यायचं.

अमरावतीची_लेक
74 वर्षांच्या माणसाला धायरीहून बसने? त्या रस्त्यावर मी दोन वर्षं काढलीत.

रंकाळ्याकाठी
कोल्हापुरातबी पुराभिलेखागार आहे. मोडीचे कागद ढिगानं. परत सांगतो, कोल्हापूर.

तंजावरचा_पाहुणा
मोडी म्हणाल तर तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात मराठ्यांच्या काळातले मोडी कागद आहेत. मी जाऊन आलोय. तिथले मराठी लोक जी मराठी बोलतात ती ऐकून अंगावर काटा येतो.

वाईची_नात
त्यांना महाराष्ट्रातलं गाव हवंय हो, दूधवाला मराठी बोलणारा.

गोदाकाठ
मी परत सांगतो, येऊन बघून जा, वडिलांना घेऊन या, चार दिवस. रूमचं मी बघतो.

माळव्यातला_मी (सोळा दिवसांनी)
मंडळी, आम्ही जाऊन आलो. गोदाकाठ यांनी अगत्याने बोलावलं होतं म्हणून नाशिकसाठीच निघालो होतो. सेंधव्याच्या पुढे घाट उतरलो, महाराष्ट्राची पाटी लागली, आणि बाबा सरळ होऊन बसले. शिरपूरला चहा घेतला. मग धुळं आलं, गोदाकाठ म्हणाले तसं शेवभाजी खाऊन पुढे जायचं ठरलं होतं. जेवताना बाबा म्हणाले, राजवाडे इथेच गेले. 1926 ला. मी म्हटलं कोण राजवाडे, तर माझ्याकडे बघतच राहिले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. पुण्याचं मंडळ ज्यांनी काढलं तेच नंतर तिथून बाजूला होऊन धुळ्याला आले, गावोगाव हिंडून गोळा केलेले कागद घेऊन, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे आहे. बाबा म्हणाले आलोच आहोत तर दारावरून तरी जाऊ.

दारावरून काही जाणं झालं नाही. आत गेलो, बाबांनी तिथल्या गृहस्थांना सांगितलं मी इंदूरहून आलोय, मोडी वाचतो. त्यांनी आधी पाणी दिलं, मग एक पान आणून टेबलावर ठेवलं. बाबांनी चष्मा पुसला. कागदाला हात लावला नाही, बोट वरच्या वर ओळीवरून फिरवत होते. पहिल्यांदा काही बोललेच नाहीत, मला वाटलं दिसत नाहीये. मग एका अक्षरावर थांबले आणि मला म्हणाले, हा छ बघ, हा चंद्र, याच्या पुढे तारीख, आणि वाचायला लागले. जवळजवळ सगळं पान वाचलं, खाली मोर्तब सुद, म्हणजे पत्र संपल्याची खूण, आलं तेव्हा तेवढं जरा मोठ्याने वाचलं. ते गृहस्थ म्हणाले, काका तुम्ही किती दिवस आहात? बाबा म्हणाले, एक वर्ष. मला न विचारता.

तर आम्ही धुळ्याला राहणार आहोत. अंबाजोगाईकर यांनी सांगितलं तसं आठ दिवस राहिलो. दुपारी तीनला घरात उभा राहिलो. किराणावाल्याला विचारलं, पाणी रोज येत नाही, पण टाकी आहे आणि बोअर आहे. देवपूर भागात तळमजला, 9 हजार. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून आलो, तिथून आमचं घर रिक्षाने दहा मिनिटं. इंदूर अडीचशेच्या आसपास, आग्रा रोडवरून गाड्या सारख्या जातात, बहीण दुपारच्या जेवणाला येऊन रात्री परत जाऊ शकते. नाशिकला आम्ही गेलोच नाही, गोदाकाठ, मनापासून माफी मागतो.

गोदाकाठ
माफी कसली, पण धुळं? मी तुम्हाला थांबून जेवा म्हटलं होतं, राहा नव्हतं म्हटलं. मे महिन्यात पारा 44 पर्यंत जातो. दोन महिन्यांत नाशकाला याल, माझं घर उघडं आहे.

सातारी_फौजी
उन्हाळ्यात वडिलांना साताऱ्याला पाठवा. खोली मोकळी आहे.

कोथरूडचा_जुना
राजवाडे पुण्याचं सोडून धुळ्याला गेले आणि आता तुम्हीही. पण एक बरोबर आहे, मंडळाचं 'संशोधक' त्रैमासिक मी वर्षानुवर्षं वाचतोय, धुळ्यातून निघतं, काम अस्सल आहे. वडिलांना समर्थ वाग्देवता मंदिरही दाखवा, शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखितं गोळा केली ती तिथे आहेत.

तर्रीवाला_नागपूर
नागपूर नाही तर नाही, पण निदान कोणीतरी पुणे-कोल्हापूर सोडून बाहेर गेलं. अभिनंदन भाऊ.

रंकाळ्याकाठी
नऊ हजारात तळमजला म्हणताय? फोटो टाका की.

खान्देशनी_बहीण
मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय आणि एकानेही धुळ्याचं नाव चांगल्या अर्थाने घेतलं नाही म्हणून गप्प बसले होते, आमचं गाव म्हणजे लोकांना हायवेवरचा बोर्ड. आज वाचून रडले खरंच. माझं माहेर गल्ली नंबर चारमधलं. आता ऐका. मार्च संपायच्या आत कूलर घ्या, एप्रिलमध्ये भाव वाढतात. खसच्या ताट्या पाचकंदीलला मिळतात. बाबांना सकाळी साडेसहाच्या आत फिरवून आणा, उन्हाळ्यात आठनंतर नको. थंडीत जळगावकडची वांगी आली की भरीत करा, काडीवर भाजलेलं, गॅसवर नाही, शेजारणीला सांगितलंत तर तीच करून देईल. आणि खापरावरची पुरणपोळी, मांडे म्हणतात आमच्याकडे, ती बघायला म्हणून कोणाच्या तरी घरी नक्की जा, बाई दोन्ही हातांवर ती पोळी फिरवत फिरवत एवढी मोठी करते की कोपरापर्यंत येते, मग उलट्या खापरावर टाकते. रेल्वेचं म्हणाल तर इंदूर–मनमाड लाइनला 2024 च्या सप्टेंबरात मंजुरी आलीये, 309 किलोमीटर, धुळ्यावरून जाणार आहे. आम्ही लहानपणापासून ऐकतोय, आता व्हायला पाहिजे.

माळव्यातला_मी
ताई, तुमचं सगळं बाबांना वाचून दाखवलं, कूलर उद्याच बघतो. रंकाळ्याकाठी, फोटो सामान लागलं की टाकतो. एक सांगायचं राहिलं, ज्यासाठी आलो ती मराठी. पहिल्या सकाळी दूधवाला आला आणि बाबांशी जे बोलला त्यातलं त्यांना अर्धंच समजलं. अहिराणी होती, इकडची बोली. बाबा वही घेऊन बसलेत, रोज दूधवाल्याचे चार शब्द लिहून घेतात, "शे" म्हणजे "आहे" इथपासून सुरुवात केलीये. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी काल कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला, आम्ही त्यांना इंदूरहून आणलेलं जिरावण दिलं, पोह्यांवर कसं भुरभुरायचं ते बाबांनी स्वतः करून दाखवलं.

आता प्रश्न एवढाच, देवपूरकडून राजवाडे मंडळाला रोज सकाळी जायचं तर पांझरा नदीच्या कुठल्या पुलावरून रिक्षा सोयीची पडेल? बाबांना अकराच्या आत पोचायचं असतं.

खान्देशनी_बहीण
भावाला फोन करून विचारते, तो रोज त्या रस्त्याने जातो. अर्ध्या तासात लिहिते इथेच.